वेगवान मोटारींचे वंगण : इंजिन ऑइल आणि फिल्टर कसे निवडावेत?

सिडकोच्या करंजाडे वसाहतीतून सकाळी निघालेली मोटार पनवेलच्या वाहतुकीतून वाट काढत कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर लागते. सुमारे ९४ किलोमीटरचा हा रस्ता २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि शक्तिशाली इंजिनाची मोटार बाळगणाऱ्यांना तिची ताकद अजमावण्याजोगा रस्ता घराजवळच मिळाला. लोणावळ्यापर्यंतच्या या प्रवासात इंजिनातील तेलाला मात्र एकामागून एक चार परीक्षा द्याव्या लागतात. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात ते पहिल्या काही सेकंदांत वरच्या भागांपर्यंत पोहोचले पाहिजे. पनवेल-कळंबोलीच्या कोंडीत, वारा लागत नसताना ते तापता कामा नये. सपाटीवर ताशी १०० किलोमीटरच्या कमाल मर्यादेत सलग चालताना त्याचा थर तुटता कामा नये. आणि खोपोलीपासून सुमारे सहाशे मीटरची चढण चढताना, टर्बोचार्जर तापलेला असताना, त्याने जळून काजळी धरता कामा नये.

साध्या कौटुंबिक मोटारीत या परीक्षांत तेल थोडे कमी पडले तर इंजिनाचे आयुष्य काहीसे घटते. दीडशे-दोनशे अश्वशक्तीच्या टर्बो मोटारीत चूक महागात पडते. बेअरिंग घासले गेले, टर्बोचा दांडा अडकला किंवा पिस्टन फुटला, तर दुरुस्तीचा खर्च लाखांच्या घरात जातो. शिवाय भर घाटात इंजिन बसले तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. असे असूनही तेलाची निवड बहुधा ऐकीव माहितीवर, डब्याच्या किमतीवर किंवा जाहिरातीवर होते. फिल्टरचा तर विचारही होत नाही.

वेगवान मोटारीचे तेल वेगळे का?

तेल इंजिनात चार कामे करते. धातूचे भाग एकमेकांवर घासू न देणे हे पहिले. पाणी जिथे पोहोचत नाही त्या भागांची उष्णता वाहून नेणे हे दुसरे. काजळी, आम्ल आणि धातूचे कण स्वतःत धरून ठेवणे हे तिसरे. आणि पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट भरून काढणे हे चौथे. शक्तिशाली इंजिनात ही चारही कामे अधिक कठीण होतात. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो आणि तोही तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत. त्याच्या एका बाजूला तापून लाल होणारे एक्झॉस्टचे वायू असतात. सर्वसाधारण वापरात तेलाचे तापमान ९० ते ११० अंश सेल्सिअस राहते. शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा सतत ताणाखाली ते १३० अंशांच्या पुढे जाऊ शकते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडीकरण ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. म्हणून मोटार किती वेगाने धावते यापेक्षा तिचे तेल किती तापते, हा निवडीतला कळीचा प्रश्न ठरतो.

डब्यावरचे आकडे

'५डब्ल्यू-३०' किंवा '५डब्ल्यू-४०' हे आकडे तेलाचा दाटपणा सांगतात, गुणवत्ता नव्हे. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स अर्थात एसएईच्या जे-३०० या मानकानुसार ते ठरतात. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके तेल कडाक्याच्या थंडीत प्रवाही. ५डब्ल्यू तेलाची ही चाचणी उणे ३० अंशांवर होते. पनवेल परिसरात पारा त्याच्या जवळपासही जात नाही. तरीही हा आकडा निरर्थक नाही, कारण सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होते तेव्हाच झीज अधिक होते आणि प्रवाही तेल वर लवकर पोहोचते.

दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा दाखवतो. या तापमानाला ३० दर्जाच्या तेलाची विष्यंदिता ९.३ ते १२.५, तर ४० दर्जाच्या तेलाची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते. म्हणजे एकाच दर्जाची दोन तेलेही अगदी सारखी असतातच असे नाही.

घाटात उपयोगी पडणारा आकडा

बेअरिंगमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांपाशी तेल प्रचंड वेगाने घुसळले जाते. तिथे ते किती पातळ पडते, हे १५० अंशांवरच्या वेगळ्या चाचणीने मोजतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एचटीएचएस म्हणतात. वेगवान मोटारीसाठी महत्त्वाचा असा हा आकडा डब्याच्या दर्शनी भागावर सहसा नसतो. तो तेल कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात सापडतो.

५डब्ल्यू-३० तेलांचेच उदाहरण घ्यावे. इंधनबचतीवर भर देणाऱ्या तेलात हा आकडा २.९ मिलिपास्कल-सेकंदांच्या थोडा वर असू शकतो. युरोपीय 'ए३/बी४' किंवा 'सी३' वर्गाच्या तेलात मात्र तो किमान ३.५ असावाच लागतो. दोन्ही डब्यांवर '५डब्ल्यू-३०' असेच लिहिलेले असते. पहिले तेल त्यासाठीच घडवलेल्या इंजिनात उत्तम चालेल, पण ३.५ ची अपेक्षा ठेवून बांधलेल्या जर्मन टर्बो इंजिनात तेच ओतले, तर घाटाच्या चढणीवर बेअरिंगमधला थर हवा त्यापेक्षा पातळ पडेल. केवळ '३० चालते की ४०' एवढ्यावर निवड थांबवू नये, ती यासाठी.

एपीआय, एसीईए आणि कंपनीची मान्यता

तेलाची गुणवत्ता सांगणाऱ्या खुणा तीन प्रकारच्या असतात. पहिली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची. पेट्रोल इंजिनांसाठी २०१० मध्ये 'एसएन', २०२० मध्ये 'एसपी' आणि २०२५ मध्ये 'एसक्यू' हे वर्ग आले. टर्बो व थेट इंधनफवारणीच्या मोटारींसाठी 'एसपी' हा टप्पा महत्त्वाचा होता. अशा इंजिनात कमी फेऱ्यांवर जास्त जोर पडला की ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो. हा स्फोट इतका जोरदार असतो की पिस्टन फुटू शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त रसायनांचे अधिक प्रमाण त्याला हातभार लावते, असे संशोधनात आढळले. तेव्हा नव्या तेलांत कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वापरले जाऊ लागले. त्यासाठीची चाचणी 'एसएन प्लस'पासून (२०१८) सुरू झाली आणि 'एसपी'मध्ये कायम राहिली. टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही 'एसपी'मध्ये आली. स्वस्तात मिळालेले जुने 'एसएन' तेल आधुनिक टर्बो पेट्रोल मोटारीत घालणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. चालकानेही घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवत चढण्याऐवजी एक गिअर खाली यावे. हा धोका टाळण्याचा तो फुकटचा उपाय आहे.

दुसरी खूण युरोपीय मोटार उत्पादकांच्या एसीईए या संघटनेची. तिच्या 'सी' वर्गातील तेलांत राख, गंधक आणि स्फुरद यांचे प्रमाण कमी ठेवलेले असते, कारण ही द्रव्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि धुरातील कण गाळणारी गाळणी यांना बाधक ठरतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर या वर्गाचे महत्त्व वाढले. जुन्या मोटारीत चालत असलेले 'ए३/बी४' तेल कण-गाळणी असलेल्या नव्या मोटारीत नेमके अयोग्य ठरू शकते.

तिसरी आणि निर्णायक खूण मोटार कंपनीच्या मान्यतेची. फोक्सवॅगन व स्कोडासाठी '५०२ ००' किंवा '५०४ ००', मर्सिडीजसाठी '२२९.५', बीएमडब्ल्यूसाठी 'लाँगलाइफ-०४', पोर्शेसाठी 'ए४०' अशी ती लिहिलेली असते. कंपनी स्वतःच्या इंजिनांवर शेकडो तास चाचण्या घेऊन हा क्रमांक देते. एकाच गटाच्या मोटारींतही इंजिनाप्रमाणे क्रमांक बदलतो. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या व्हर्टस, स्लाव्हियासारख्या टर्बो मोटारींना आणि आयात झालेल्या ऑक्टाव्हिया आरएसला एकच तेल चालेल, असे गृहीत धरू नये. ज्या त्या मोटारीची माहितीपुस्तिका उघडून क्रमांक पाहावा आणि तोच डब्याच्या मागील बाजूस शोधावा. तिथेही शब्दांकडे लक्ष हवे. 'अप्रूव्हड' म्हणजे कंपनीने मान्यता दिलेले. 'मीट्स' किंवा 'सुटेबल फॉर' म्हणजे तेल उत्पादकाचा स्वतःचा दावा. वॉरंटीच्या काळात हा फरक फार मोठा ठरतो.

'सिंथेटिक' या शब्दाची गोष्ट

तेलाचा मोठा हिस्सा म्हणजे मूळ तेल. एपीआयने त्याचे पाच गट केले आहेत. पहिले दोन गट खनिज तेलाचे. तिसरा गट तीव्र हायड्रोजन प्रक्रियेने शुद्ध केलेल्या खनिज तेलाचा. चौथा पॉलिअल्फाओलेफिनचा, म्हणजे रसायनशाळेत रेणू जोडून बनवलेल्या तेलाचा. आणि पाचव्यात एस्टरसह उरलेली सर्व. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला. १९९९ मध्ये तेथील जाहिरातविषयक लवादाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून 'सिंथेटिक' हा शब्द बाजारात सैलपणे वापरला जातो आणि त्यावरून मूळ तेलाचा गट कळत नाही.

तरीही वाचकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. तिसऱ्या गटाचे चांगले तेल बहुतेक रस्त्यावरच्या मोटारींना पुरेसे असते. चौथ्या-पाचव्या गटाचा फायदा अतिउष्णतेत, म्हणजे ट्रॅकवर किंवा इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या मोटारीत, अधिक दिसतो. निकाल चाचण्यांवर द्यावा, नावावर नव्हे. कंपनीची मान्यता मिळालेले तेल कोणत्या गटाचे आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

मूळ तेलाचा हा विषय करंजाडेकरांना तसा परका नाही. हिंदुस्तान पेट्रोलियमचा माहूल येथील प्रकल्प मूळ तेल तयार करतो. तळोजा औद्योगिक वसाहतीत शेलचा आणि पाताळगंगा परिसरात कॅस्ट्रॉलचा वंगण मिसळण्याचा कारखाना आहे. मूळ तेलात झीजरोधक, स्वच्छताकारक, फेसरोधक आणि दाटपणा टिकवणारी रसायने ठरावीक प्रमाणात मिसळली की डब्यातले तेल तयार होते. हे प्रमाण काटेकोर जुळवलेले असते. वरून वेगळी 'ऑइल ट्रीटमेंट' ओतली तर ते बिघडण्याचीच शक्यता अधिक.

जाड तेल म्हणजे चांगले तेल?

'गरम हवामान आहे, जाड तेल घाला' हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतो. त्याला आधार म्हणून बीएमडब्ल्यूच्या २००० च्या दशकातील काही 'एम' मोटारींचे उदाहरण दिले जाते. त्यांना १०डब्ल्यू-६० तेल लागे, हे खरे. पण ती इंजिने त्या तेलासाठीच बांधलेली होती. बेअरिंगमधली फट, पंपाची क्षमता आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या बारीक वाहिन्या एका ठरावीक दाटपणावर बेतलेल्या असतात. पातळ तेलासाठी बांधलेल्या इंजिनात फार जाड तेल घातले तर ते उशिरा पोहोचते, स्वतःच्याच घर्षणाने अधिक तापते आणि थंड इंजिनात फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडायला लावते. माहितीपुस्तिकेत उष्ण हवामानासाठी किंवा जोरकस वापरासाठी एक पायरी दाट तेलाची मुभा दिली असेल, तर ती जरूर घ्यावी. ती नसताना मनाने दोन पायऱ्या चढू नये.

इंजिनाचे संगणकीय प्रोग्रॅमिंग बदलून, म्हणजे रिमॅप करून, ताकद वाढवलेल्या मोटारींची गोष्ट वेगळी. तिथे उष्णताही वाढते आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरून ते पातळ होण्याचे प्रमाणही. अशा मोटारीला ३.५ हून अधिक एचटीएचएस असलेले तेल द्यावे, ते लवकर बदलावे आणि शक्य तर ऑइल कूलर बसवावा.

तेलाचा फिल्टर : स्वस्त भाग, मोठी जबाबदारी

माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन. बेअरिंगमधला तेलाचा थर काही ठिकाणी जेमतेम काही मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ. त्याच जाडीचे धातूचे आणि धुळीचे कण अडवणे हे फिल्टरचे काम. फिल्टरची पारख रंगावरून किंवा वजनावरून होत नाही. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीत तो किती मायक्रॉनचे किती टक्के कण अडवतो, हे मोजतात. '२० मायक्रॉन' एवढेच सांगणे अपुरे. त्यापुढे टक्केवारी हवी. साध्या कागदी गाळणीपेक्षा कृत्रिम तंतूंची गाळणी बारीक कण अडवते, अधिक कचरा साठवते आणि प्रवाहालाही कमी अडथळा करते. दीर्घ अंतराने तेल बदलणाऱ्यांनी तीच घ्यावी.

फिल्टरच्या आतील दोन झडपा बाहेरून दिसत नाहीत. पहिली रबरी झडप इंजिन बंद असताना तेल परत खाली वाहू देत नाही. ती कडक झाली की सकाळी इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते. सिलिकॉन रबराची झडप उष्णतेत अधिक टिकते. दुसरी बायपास झडप. फिल्टर तुंबला किंवा तेल घट्ट असले की ती उघडते आणि तेल न गाळता पुढे जाऊ देते. तेल मुळीच न मिळण्यापेक्षा अस्वच्छ तेल परवडले, हा त्यामागचा हिशेब. ती कोणत्या दाबाला उघडावी, हे प्रत्येक इंजिनासाठी वेगळे असते. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या मोटारीचा, मोठ्या आकाराचा फिल्टर बसवणे या कारणाने धोक्याचे. मोटार कंपनीचा किंवा तिला फिल्टर पुरवणाऱ्या उत्पादकाचाच, योग्य क्रमांकाचा फिल्टर घ्यावा.

बसवतानाची एक चूक इंजिनाच्या जिवावर बेतू शकते. जुन्या फिल्टरचे रबरी वॉशर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन वॉशरमधून भर वेगात तेल एकदम बाहेर फेकले जाते. जुने वॉशर निघाले आहे, हे डोळ्यांनी पाहावे; नव्याला थोडे तेल लावावे आणि फिल्टर डब्यावर दिलेल्या सूचनेइतकाच आवळावा. काडतुसासारखा आतला भाग बदलायचा असेल, तर झाकणाची ओ-रिंग आणि ड्रेन प्लगचे वॉशरही दर वेळी नवे हवे.

हवेचा फिल्टर आणि परिसरातली धूळ

तेल खराब होण्याचे एक कारण हवेतूनही येते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्याभोवतीच्या करंजाडे, पुष्पकनगर, उलवे या पट्ट्यात इमारती आणि रस्त्यांची कामे वर्षानुवर्षे चालत आली आहेत. खडी आणि मुरमाच्या धुळीत सिलिका असते. तिचे कण ॲल्युमिनियम आणि बीडापेक्षा कठीण असतात. फिल्टरमधून सुटलेली चिमूटभर धूळ सिलिंडरची भिंत घासते आणि रिंगांवाटे तेलात उतरते.

ताकद वाढवण्यासाठी अनेक जण तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन वापरायचे फिल्टर बसवतात. त्यातून हवा अधिक सहज जाते. मात्र मूळ ताकदीच्या मोटारीत मिळणारा फायदा अल्प असतो आणि बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस ठरतो. धुतल्यानंतर तेल जास्त लावले तर हवामापक सेन्सर खराब होतो, कमी लावले तर धूळ आत जाते. उघड्या बॉनेटखाली बसवलेला शंकूसारखा फिल्टर तर इंजिनाचीच गरम हवा ओढतो. धुळीच्या पट्ट्यात राहणाऱ्याने मूळ पेटीत बसणारा दर्जेदार कागदी फिल्टर घ्यावा आणि तो ठरलेल्या अंतरापेक्षा लवकर तपासावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर फिल्टर भिजला असल्यास बदलणे भाग आहे. तेलाच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला तर इंजिन सुरूच करू नये; तेलात पाणी गेले आहे, असे समजावे.

किती दिवसांनी बदलावे?

माहितीपुस्तिकेत बहुधा १० किंवा १५ हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा निकष असतो. त्याच पुस्तिकेत 'कठीण वापरा'साठी हे अंतर कमी करण्यास सांगितलेले असते, आणि ते पान फारसे कोणी वाचत नाही. धूळ, कोंडी आणि वारंवारच्या छोट्या फेऱ्या म्हणजेच कठीण वापर. गंमत अशी की, करंजाडेतून रोज पनवेल स्थानकापर्यंतच जाणारी शक्तिशाली मोटार दर शनिवारी लोणावळ्याला जाणाऱ्या मोटारीपेक्षा तेल अधिक नासवते. पाणी लवकर तापले तरी तेल तापायला बराच वेळ लागतो. छोट्या फेरीत ते तापतच नाही आणि त्यात उतरलेले पेट्रोल व पाण्याचा अंश उडून जात नाही. २०२५ पर्यंत देशभर सर्वसाधारण झालेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे ही काळजी वाढते. अशा वापरात पाच ते साडेसात हजार किलोमीटर किंवा वर्षातून दोनदा तेल बदलणे रास्त. ट्रॅकवर उतरणाऱ्यांनी दर एक-दोन दिवसांच्या वापरानंतर. तेल बदलताना फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा.

टर्बो इंजिने थोडे तेल खातातच. दर हजार किलोमीटरला, सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी पाहावी. घाटाच्या तीव्र वळणांवर तेल चेंबरच्या एका बाजूला सरकते. पातळी किमान खुणेजवळ असेल तर पंप क्षणभर हवा ओढतो. घाटात जाण्यापूर्वी पातळी कमाल खुणेलगत असावी, पण तिच्या वर नको. जादा तेल घुसळून फेस होतो.

खरेदी आणि विल्हेवाट

बनावट माल हा या बाजारातला जुना रोग आहे. अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह आणि सील पाहूनच खरेदी करावी. डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केल्यास तेलाचा मान्यता क्रमांक, फिल्टरचा क्रमांक, तारीख आणि किलोमीटर पावतीवर लिहून घ्यावेत. वॉरंटीचा वाद उद्भवल्यास हाच पुरावा.

वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते गटारात ओतू नये. पनवेलच्या खाडीकडे जाणारे पाणी तिथूनच वाहते. बंद डब्यात भरून ते अधिकृत सेवा केंद्राकडे द्यावे.

थोडक्यात

- माहितीपुस्तिकेतील दाटपणा आणि कंपनीचा मान्यता क्रमांक हे दोन्ही डब्यावर जुळले पाहिजेत.
- थेट इंधनफवारणीच्या टर्बो पेट्रोल मोटारीत एपीआय 'एसपी' किंवा त्यानंतरचे, अथवा कंपनीने मान्य केलेले तेलच वापरावे.
- घाट, ट्रॅक किंवा रिमॅप असल्यास एचटीएचएसचा आकडा माहितीपत्रकात पाहावा.
- फिल्टर मूळ क्रमांकाचा, आणि प्रत्येक तेलाबरोबर नवा.
- धूळ, कोंडी, छोट्या फेऱ्या असतील तर अंतर निम्म्यावर आणावे.
- तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. 'पुढच्या गॅरेजपर्यंत' जाण्याचा मोह इंजिन घालवतो.